सून घरात आली, कागदावर अजून पाहुणीच

प्रति,
माननीय केंद्रीय गृह सचिव,
(परदेशी नागरिक विभागाच्या माहितीसाठी व कार्यवाहीसाठी)
गृह मंत्रालय, नवी दिल्ली

महोदय,
सविनय नमस्कार वि. वि.

या पत्राची हिंदी प्रत आपल्या कार्यालयाकडे टपालाने रवाना केली आहे. मराठी प्रत मुद्दाम जाहीर करते आहे. इंदुरात, बडोद्यात, पुण्यात, नागपुरात अशी कितीतरी घरं आहेत जिथे मुलगा किंवा मुलगी परदेशी जोडीदार निवडते आणि दुसऱ्या दिवसापासून आईबाप मोबाइलवर व्हिसाचे नियम वाचत बसतात. त्यांनाही हे वाचता यावं.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झाले. नोकरीचा बहुतेक काळ काउंटरच्या आतल्या बाजूला गेला, त्यामुळे खिडकीवरच्या माणसावर चिडायची मला सवय नाही. कागद अपुरा असेल तर तो परत पाठवणं हे त्याचं कामच आहे. माझं म्हणणं त्याच्या हातात जे नियम दिले जातात त्यांच्याबद्दल आहे, आणि ते एवढंच की भारतीय माणसाशी कायद्याने लग्न केलेल्या परदेशी नवऱ्याला किंवा बायकोला या देशात राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क लग्नाची नोंद झाली त्या दिवसापासून असावा. आज तो नाही. आज जे काही मिळतं ते मेहेरबानीच्या खात्यात जमा असतं.

माझी सून जर्मन आहे. मुलगा बंगळुरूला नोकरीत होता तेव्हा ओळख झाली. पुढे त्याने इंदुरात स्वतःचं छोटं काम सुरू केलं आणि दोघांनी ठरवलं की लग्न इथेच करायचं, राहायचंही इथेच. आम्ही दोघं खूश. आमच्या लोकमान्यनगरातल्या निम्म्या घरांची मुलं बाहेर गेलेली. आमच्याकडे निदान कोणी येत तरी होतं.

अडचण दारातच उभी राहिली. भारतात लग्न करायला यायचं असेल तर त्यासाठी व्हिसाच नाही. ई-टुरिस्ट व्हिसाच्या अर्जात कारणं असतात ती स्थळदर्शन, नातलगांना किंवा मित्रांना भेटणं, योगवर्ग अशी. 'लग्न करायचं आहे' असं लिहायला रकाना नाही. त्यामुळे आयुष्यातल्या सर्वांत गंभीर कामासाठी येणारं माणूस कागदोपत्री फिरायला येतं. वर्षाचा किंवा पाच वर्षांचा ई-टुरिस्ट व्हिसा घेतला तरी जर्मन नागरिकाला सलग ९० दिवसांच्या वर राहता येत नाही (अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, जपान यांना १८० दिवस). ती आमच्याकडे उतरली तेव्हा घरमालक या नात्याने चोवीस तासांच्या आत मी तिची ऑनलाइन नोंद केली. होणाऱ्या सुनेची पहिली सरकारी नोंद सासूच्या हातून झाली, विदेशी पाहुणी म्हणून.

आता त्या ९० दिवसांच्या शेजारी विशेष विवाह अधिनियम, १९५४ (धर्म न बदलता नोंदणी पद्धतीने लग्न करण्याचा कायदा) ठेवून बघा. दोघांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस मुक्काम हवा. मग नोटीस. मग आक्षेपांसाठी ३० दिवस. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस बाद, पुन्हा पहिल्यापासून. कायदा 'दोघांपैकी एकाचा' मुक्काम म्हणतो, म्हणजे इंदूरकर मुलाचा मुक्काम पुरेसा आहे. तरीही एका कार्यालयात दोघांच्या मुक्कामाचा पुरावा मागितला गेला. एकही कागद परत आला नाही तर सगळं ९० दिवसांत बसतं. पण परत येत नाही तो कागद कसला?

कलम ४ नीट वाचलं तर लग्नाच्या अटी मोजक्याच आहेत: हयात जोडीदार नसावा, संमती देण्याइतकं भान असावं, वराचं वय २१ आणि वधूचं १८ पूर्ण असावं, नातं निषिद्ध नसावं. परदेशी माणसाने अविवाहित असल्याचं सिद्ध कसं करायचं, याबद्दल कायदा काही बोलत नाही. मग प्रत्येक कार्यालय आपापली यादी करतं. कोणी दूतावासाचं ना-हरकत पत्र मागतं, कोणी नोटरीचं शपथपत्र, कोणी दोन्ही.

जर्मनीत हा दाखला गावच्या नोंदणी कार्यालयाकडून मिळतो, लग्नाला अडथळा नाही असा, आणि त्याची मुदत सहा महिने असते. सुनेने तो आणला होता. 'इस पर अपोस्टिल कहाँ है?' असा प्रश्न आला. अपोस्टिल म्हणजे एका देशाचा कागद दुसऱ्या देशात खरा मानला जावा म्हणून लावायचा शिक्का. भारत २००५ मध्ये अपोस्टिलच्या हेग करारात सामील झाला तेव्हा जर्मनीने त्याला हरकत घेतली होती, आणि हरकत घेणाऱ्या देशाच्या बाबतीत हा करार लागू होत नाही. म्हणजे आमच्याकडे जो शिक्का मागितला जात होता तो या दोन देशांत चालणाराच नव्हता. आपल्या वकिलातीमार्फत साक्षांकन करून घेणं हाच रस्ता होता. हे खिडकीवरच्या माणसाला कळावं अशी अपेक्षा मी करणार नाही. मलाच ते कळायला आठवडे गेले. पण दिल्लीत बसून कोणत्या देशाचा कोणता कागद, कोणाच्या साक्षांकनाने ग्राह्य धरायचा याचा तक्ता करून देशभरच्या विवाह अधिकाऱ्यांना पाठवणं अवघड आहे का? एवढं झालं तरी निम्मी धावपळ वाचेल.

अजून एक गंमत सांगते. त्याच कायद्यात असं आहे की वर किंवा वधू दुसऱ्या जिल्ह्यात कायमची राहत असेल तर नोटिशीची प्रत त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे पाठवायची. १९५४ साली हा मजकूर लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर उज्जैन, देवास, धार असणार. आमच्यापुढचा बाबू बिचारा पेन हातात धरून विचारत होता, 'मॅडम, इनका ज़िला कौन-सा लिखूँ?' शेवटी दूतावासाचा पत्ता घातला.

या सगळ्या काळात सल्ल्यांना तोटा नव्हता. सर्वांत लोकप्रिय सल्ला असा, की शुद्धी करून घ्या, वैदिक पद्धतीने लग्न लावा, हिंदू विवाह कायद्याखाली नोंद करा, आठवड्यात काम होतं. सल्ला देणाऱ्यांना आपल्याच राज्याचा कायदा ठाऊक नव्हता. मध्य प्रदेश धर्म स्वातंत्र्य अधिनियम, २०२१ प्रमाणे धर्म बदलण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांना ६० दिवसांची सूचना द्यावी लागते. सज्ञान जोडप्यांवर त्या कलमाखाली कारवाई करू नये असा अंतरिम आदेश आमच्या उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला आहे, पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर कोण लग्न लावतो! ३० दिवस टाळायला ६० दिवसांचा रस्ता. सुनेला हा सल्ला समजावून सांगितला तेव्हा ती म्हणाली, 'आई, मी चर्चमध्येच जात नाही, तर बदलू काय?' त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

इंदूरला तरी हा विषय नवा वाटायला नको. तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी १९२८ च्या मार्चमध्ये नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केलं. त्याआधी नाशिकला तिचं धर्मांतर झालं, एका धनगर घराने तिला दत्तक घेतलं, शर्मिष्ठादेवी असं नाव मिळालं आणि मग बडवाहला लग्न लागलं. आमची आजी हे सगळं पाहिल्यासारखं सांगायची, जरी ती तेव्हा परकरात असणार. पुढे यशवंतराव होळकरांनीही दोन अमेरिकन स्त्रियांशी लग्नं केली. त्यातल्या एकीपासून झालेला मुलगा आई परदेशी म्हणून गादीचा वारस ठरला नाही, मुलगी उषाराजे ठरल्या. राजघराण्यात हे सगळं मानपानाचं आणि गादीचं प्रकरण होतं. आमचं साधं घर. आम्हाला ना दत्तक घ्यायला धनगर लागला ना धर्मांतराला शंकराचार्य. लग्न झालं, वरणभात-श्रीखंडाची पंगत झाली, तिने उखाणा पाठ करून घेतला आणि मंडळातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. समाजाने तिला घेतलं. उरला तो तुमचा विभाग.

लग्नाचा दाखला हातात आल्यावर टुरिस्ट व्हिसाचं रूपांतर एक्स व्हिसात, म्हणजे एंट्री व्हिसात, करून घ्यायचं असतं. अर्ज ई-एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या, पोर्टलवर जातो. २०१८ पासून ही सोय आहे आणि ती खरोखर चांगली आहे, फेऱ्या वाचतात. दोघं एकत्र राहतात का, याची पोलिस चौकशी होते. आमच्याकडे आलेले शिपाई सज्जन होते. चहा घेतला, दोघांचा एक फोटो घेतला आणि शेजारी विचारलं. शेजारच्या भाभींनी सांगितलं, 'हाँ भैया, यहीं रहती है, रोज़ सुबह पोहे लेने ख़ुद जाती है।' यात मला काही गैर वाटत नाही. नावापुरती लग्नं होतात, व्हिसासाठी होतात, हे मी बँकेत बसून पाहिलेल्या कागदांवरूनही सांगू शकते. पडताळणी करा. हवी तर कडक करा. माझा प्रश्न पडताळणी झाल्यानंतरचा आहे.

कारण सगळं तपासून झाल्यावर जो व्हिसा मिळतो त्यावर तिला नोकरी करता येत नाही. माझी सून कर्णबधिर मुलांना शिकवायचं शिक्षण घेतलेली आहे. इंदुरातल्या एका शाळेला ती हवी होती. हिंदी तिला येतं, मराठी आम्ही शिकवतोच आहोत, आणि खुणांची इथली भाषा शिकायचीही तिची तयारी होती. नोकरी करायची तर एम्प्लॉयमेंट व्हिसा, आणि त्याची साधारण अट म्हणजे वर्षाला किमान १६.२५ लाख रुपये पगार. ही अट बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या अधिकाऱ्यांसाठी केलेली आहे, हे उघड आहे. इथल्यांच्या नोकऱ्या राखल्या जाव्यात म्हणून केली असेल तर तेही समजतं. पण कर्णबधिर मुलांची शाळा एवढा पगार कुठून देणार? शाळेने हात जोडले. ती घरी बसली.

'घरी बसली' हे दोन शब्द लिहायला सोपे आहेत. तिशीतलं, शिकलेलं, कमावतं माणूस दिवसभर घरात सासू-सासऱ्यांसमोर बसतं तेव्हा घरात काय होतं ते मी पाहिलं आहे. ती मोबाइल रिचार्जसाठी नवऱ्याकडे पैसे मागायची तेव्हा मान खाली घालायची. तिच्या आईला वाढदिवसाला भेट पाठवायची तर तीही त्याच्या पैशाने. आधार कार्डही लगेच नाही; परदेशी नागरिकाला आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवसांचा मुक्काम दाखवावा लागतो. माझ्या पिढीतल्या बायकांनी नोकरी करायला घरातल्या माणसांशी भांडून परवानगी मिळवली. सुनेच्या घरात कोणाची ना नाही, आणि परवानगी नाकारतं ते सरकार.

याला आणखी एक काळी बाजू आहे. एक्स व्हिसाची मुदत वाढवायची तर लग्न टिकून आहे हे दाखवावं लागतं, त्यासाठी नवऱ्याचे कागद आणि हमी लागते. माझा मुलगा सही करतो. एखादा करणार नाही. मारहाण करणारा नवरा सही करायला नकार देऊन बायकोला देशाबाहेर काढू शकतो, निदान तशी धमकी रोज देऊ शकतो. नवरा चांगलाच असेल असं नियमाने गृहीत धरू नये. हे मी मुलाची आई असून लिहिते आहे.

दोन वर्षं लग्न सलग टिकलं की ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी अर्ज करता येतो, नागरिकत्व कायद्याच्या कलम ७क प्रमाणे. ते मिळालं की नोकरीचा प्रश्न बराचसा सुटतो. घटस्फोट झाला तर कलम ७घ खाली ते काढून घेता येतं. मुलं इथे, शाळा इथे, आणि आईचा इथे राहण्याचा आधार न्यायालयाच्या एका हुकमाने गेला, असं होऊ शकतं. नागरिकत्व हवं असेल तर सात वर्षांचं वास्तव्य, त्यातले शेवटचे बारा महिने सलग, आणि दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नसल्यामुळे मूळ देशाचं सोडायचं. याबद्दल माझी तक्रार नाही. नागरिकत्व मोठी गोष्ट आहे, त्याला वेळ लागावा. मधल्या पहिल्या दोन वर्षांची मला तक्रार आहे. संसार मांडायची, पैसा जोडायची, ओळखी करायची तीच वर्षं असतात.

आणि मूल व्हायचीही. आमच्याकडे पाळणा हलणार आहे, आणि हे पत्र आत्ता लिहायचं कारणही तेच. ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेलं मूल जन्माने भारतीय ठरायचं तर आई-बापांपैकी एक भारतीय हवा आणि दुसरा 'अवैध स्थलांतरित' नको. अवैध स्थलांतरिताच्या व्याख्येत परवानगीची मुदत संपल्यावर राहिलेला माणूसही येतो. आता समजा व्हिसा वाढवायचा अर्ज वेळेत केला आहे, निर्णय यायचा आहे, जुनी मुदत संपली आणि त्याच आठवड्यात बाळंतपण झालं. ते मूल कोण? वकिलांनी 'बहुधा काही होणार नाही' असं सांगितलं. नातवंडाच्या नागरिकत्वाबद्दल 'बहुधा' हा शब्द मला नको आहे. मुदतीच्या आत अर्ज केला असेल तर निर्णय होईपर्यंत वास्तव्य वैध मानलं जाईल, असं एक वाक्य नियमात स्पष्ट लिहा. त्याला एक पैसाही खर्च नाही.

बाहेरचे देश संत नाहीत. ब्रिटनने जोडीदाराला बोलावण्यासाठीची उत्पन्नाची अट ११ एप्रिल २०२४ पासून १८,६०० पौंडांवरून २९,००० वर नेली, आणि त्यापायी तिथे कितीतरी नवराबायको वेगवेगळ्या देशांत राहत आहेत. माझ्या मुलाला जर्मनीला जायचं असतं तर निघण्याआधीच ए-१ पातळीची जर्मन भाषेची परीक्षा पास व्हावी लागली असती. अमेरिकेचा के-१ व्हिसा वाङ्‌निश्चय झालेल्यांसाठीच आहे. उतरल्यापासून ९० दिवसांत लग्न करायचं. तिघांचे दरवाजे जड आहेत. पण ब्रिटनमध्ये आणि जर्मनीत जोडीदार म्हणून आत गेलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून काम करता येतं, आणि अमेरिकेने 'मी लग्न करायला येतोय' हे खरं कारण लिहायला जागा ठेवली आहे. आपल्याकडे जागा नाही आणि कामही नाही.

१ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार कायदे त्यात गुंडाळले गेले. इतकं सगळं नव्याने लिहिताना भारतीयांच्या परदेशी जोडीदारांना हक्क देणारं एखादं प्रकरण घालता आलं असतं. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मधल्या २८७ व्या अहवालात अनिवासी भारतीयांशी झालेल्या लग्नांची सक्तीची नोंदणी सुचवली, फसवल्या गेलेल्या आपल्या मुलींचा विचार केला. योग्यच केलं. सून होऊन इकडे आलेल्या परक्या मुलीचा विचारही त्याच आस्थेने व्हायला हवा.

इंदुरात हे लिहिताना सिंधी कॉलन्यांमधल्या घरांची आठवण आल्याशिवाय राहत नाही. पाकिस्तानी नागरिकत्व असलेल्या सुना तिथे वर्षानुवर्षं लाँग टर्म व्हिसावर संसार करतात, ओसीआयचं दार त्यांना बंदच आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर व्हिसे रद्द झाले तेव्हा कोण वगळलं जाणार आणि कोण नाही हे कळेपर्यंत त्या घरांनी दिवस कसे काढले असतील याची कल्पना येते. तो प्रश्न माझ्या सुनेच्या प्रश्नापेक्षा फार मोठा आहे आणि दोन देशांमधल्या वैराशी जोडलेला आहे. या पत्राने तो सुटणार नाही. तरी नोंद राहावी.

तर माझं मागणं असं. लग्नासाठी येणाऱ्यांना नोटिशीच्या मुदतीला पुरून उरेल असा व्हिसा द्या. नोंदणी आणि पडताळणी झाली की काम करण्याची मुभा त्याच कागदावर छापा. दोन वर्षांची अट ओसीआयला असू दे, पोटापाण्याला नको. नवरा किंवा बायको वारली, लग्न मोडलं, घरात मारहाण असली, तर जोडीदाराच्या सहीवाचून मुदतवाढ मिळण्याची सोय करा. आणि विवाह अधिकाऱ्यांना देशवार कागदांचा तो तक्ता पाठवा. यातली बहुतेक कामं संसदेत न जाता परिपत्रकाने होण्यासारखी आहेत, असं माझ्या नोकरीतल्या अनुभवावरून वाटतं.

उत्तराची वाट पाहते.

आपली,
एक निवृत्त बँक अधिकारी आणि सासू
लोकमान्यनगर, इंदूर

ता. क. ज्यांच्या घरी हे सगळं व्हायचं आहे त्यांच्यासाठी: नोटीस दिल्याची पोच तारखेसकट लेखी घ्या. अविवाहित असल्याचा दाखला कोणाच्या साक्षांकनाने चालेल हे तिकडून निघण्याआधी विचारा, इकडे आल्यावर नाही. एक्स व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर नोंदणीची १४ दिवसांची मुदत पाळा. आणि व्हिसा संपायच्या बऱ्याच आधी वाढीचा अर्ज करून त्याची प्रत छापून ठेवा, विशेषतः घरात बाळंतपण असेल तर.